तुम्ही विचारलंत म्हणून: जपानला जाऊन धावायचं कशाला?

जपानहून परत आल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, लग्नाकार्यात एकच प्रश्न येतोय, एवढे पैसे घालून गेलात आणि तिथेही पहाटे उठून धावलात, डोंगर चढलात, मग बघितलं काय? परवा मोठ्या जाऊबाईंनी विचारलं आणि त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं, म्हणून नीट लिहिते.

आम्ही जूनमध्ये गेलो होतो. तेव्हा टोकियोत साडेचारच्या आधीच सूर्य उगवतो आणि म्युझियमं वगैरे उघडतात नऊ-दहाला, म्हणजे दिवसाचे पाच तास टुरिस्टसाठी काहीच नसतं, पण शहर तर जागं असतं. ते शहर मला बघायचं होतं.

पहिल्याच सकाळी सम्राटाच्या राजवाड्याभोवती धावले. खंदकाच्या कडेने बरोब्बर ५ किलोमीटरची फेरी, मधे एकही सिग्नल नाही, आणि सगळे घड्याळाच्या उलट्या दिशेने धावतात. आपण प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतो, इथे राजवाडा डाव्या हाताला, त्यामुळे सुरुवातीला काहीतरी चुकतंय असंच वाटत राहिलं. फुटपाथमध्ये दर १०० मीटरवर एक फरशी बसवलीय आणि प्रत्येक फरशीवर जपानच्या एकेका प्रांताचं फूल आहे. हान्झोमोन नावाच्या राजवाड्याच्या दरवाजापर्यंत हळूहळू चढ लागतो, दम लागला की मी पुढच्या फुलापर्यंत एवढंच ठरवायचे. आणि मग उतार सुरू झाला की खाली खंदक एकदम रुंद होतो, हिरव्या उतारांच्या मधे पाणी, पलीकडे ऑफिसांच्या उंच इमारती. बसच्या खिडकीतून हे सगळं दिसलं असतंच, पण तो चढ कळला नसता.

साडेसहाला एका बागेत रेडिओ लागला. पियानोच्या तालावर कवायत, १९२८ मध्ये सुरू झालेली ही, आजी-आजोबा रांगेत उभे, हात वर, कमरेत वाका. मी मागे जाऊन उभी राहिले आणि बघून बघून केली. संपल्यावर एका आजींनी माझ्याकडे बघून मान लववली, मीही लववली. त्या दिवशी नंतर बरंच काही बघितलं पण जाऊबाई, मला आठवतात त्या आजीच.

ट्रेलचं विचाराल तर मागोमे ते त्सुमागो. एदो म्हणजे जुनं टोकियो, तिथून क्योटोला जाणारा नाकासेंदो नावाचा डोंगरातला जुना मार्ग होता, त्यावर ६९ मुक्कामाची ठाणी, त्यातली ही दोन. अंतर साधारण ८ किलोमीटर, मागोमेहून निघालात तर आधी ८०० मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत चढ आणि मग बहुतेक उतारच. सीझनमध्ये सामान पुढच्या गावी पोचवायची सोय असते ती जरूर घ्या, पाठीवर फक्त पाणी आणि ओनिगिरी, म्हणजे भाताचे वळलेले त्रिकोण.

वाटेत ठिकठिकाणी खांबाला घंटा टांगलीय, खाली दोरी. अस्वलांसाठी. माणूस येतोय हे त्याला लांबूनच कळावं म्हणून जोरात वाजवायची. पाऊस होता, दगड शेवाळलेले, सायप्रसच्या झाडांखाली सकाळीही अंधारल्यासारखं होतं, वळणावर कुणी नाही, आणि तेवढ्यात मागून कुठूनतरी घंटेचा आवाज यायचा, म्हणजे आपल्या मागे अजून कुणीतरी चालतंय. मला त्या आवाजाचा केवढा आधार वाटला! मग मीही प्रत्येक घंटा दोनदा वाजवायला लागले, एकदा अस्वलासाठी, एकदा मागच्या माणसासाठी.

अर्ध्या वाटेवर जुनं चहाघर आहे, बुटकं घर, आत चूल धुमसत असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देतात, पैसे मागत नाहीत. सिंहगड चढताना ताकवाल्या मावशी दिसल्या की जसं हायसं वाटतं ना, तस्संच.

आणि त्सुमागो. दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्या नाहीत, विजेच्या तारा दिसत नाहीत. गाव ओस पडायला लागलं होतं तेव्हा तिथल्याच लोकांनी जुनी घरं सांभाळायची ठरवली आणि १९७१ मध्ये आपसात नियम केला, घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. आपल्याकडे वाडे एकेक करून पडताना बघितलेत मी, म्हणून त्या गल्लीत मी धावले नाही, हळूच चालले.

तर जाऊबाई, बघितलं ते हे. बसमधून उतरून फोटो काढला की आपण पाहुणे असतो, पायी गेलं की वाटसरू, आणि वाटसरूला लोक मान लववतात, चहा देतात.

पुढच्या वेळी कुमानो कोदो करायचंय, देवळांपर्यंत जाणारी यात्रेची वाट आहे ती, चढही जास्त. तुम्हाला यायचं असेल तर आत्तापासून सुरू करा, रविवारी पहाटे साडेपाचला सिंहगडाच्या पायथ्याशी भेटू, बूट मात्र चांगल्या ग्रिपचे घ्या.