चोवीस फुटी तुळई रद्द, सांगाड्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून

मंडळी, दापोलीला लाकडी सांगाड्याचं घर बांधतोय, त्याच्या जोत्याचा आणि तळखड्यांचा (खांबाखालच्या दगडांचा) हिशेब मागेच टाकला होता, त्यात बदल नाही. चिरा ठरला, भाव ठरला. या वेळचा विषय एकच, तुळया. या घराच्या लाकडासाठी मी साडेसात लाख बाजूला ठेवले होते. त्यातले ५ लाख ८० हजार चार तुळयाच खाणार, असं वखारीच्या कोटेशनमधून कळलं. वर १८ टक्के जीएसटी. खांब, कड्या (तुळयांवर आडव्या टाकतात ती लाकडं), वासे, आढं यांना मग उरतो तो चहापाणी.

ज्यांना आराखडा आठवत नसेल त्यांच्यासाठी: २४ फूट रुंद, ३० फूट लांब, दहा-दहा फुटांचे तीन खण, म्हणजे खांब-तुळयांच्या चार चौकटी. प्रत्येक चौकटीत भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसंध तुळई आणि तिच्यावर माळा. मधे खांब नको, माजघर मोकळं हवं, हा हट्ट माझाच. माळ्याचा भार दर चौरस मीटरला २०० किलो, अधिक लाकडाचं स्वतःचं वजन, असं धरून गणित केलं की २४ फुटांच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ८ × १६ इंची तुळई लागते. एक तुळई २१.३३ घनफूट, चार मिळून सव्वापंच्याऐंशीच्या वर. आकाराने जड आहेच, पण खरी गोम दरात आहे. बारा फुटांपर्यंतचं गाभ्याचं सी.पी. (जुन्या मध्य प्रांताकडचं) सागवान मला ४,६०० रुपये घनफुटाने मिळत होतं. तेच २४ फूट लांब आणि सोळा इंच खोल म्हटल्यावर दर ६,८०० झाला. लांबी आणि घेर वाढला की दर त्या प्रमाणात न वाढता उडीच मारतो, कारण असा ओंडका मुळात मिळणंच दुर्मिळ. त्यात सफेदी (कडेचं पांढरं लाकूड) नको, गाठ नको अशा अटी घातल्या की वखारवाला फक्त हसतो.

आमच्या मेस्त्रींनी आकडा विचारलाच नाही. ते म्हणाले, "चोवीस फुटाची तुळई आणाल हो तुम्ही, पण पाखाडीवरून वर चढवणार कोण?" पाखाडी म्हणजे आमच्याकडची दगडी पायऱ्यांची वाट. वाळलेलं सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो धरलं तरी अशी एक तुळई चारशे किलोच्या घरात जाते, आणि ओली असेल तर त्याहून बरीच जास्त. आमच्या वाडीत क्रेन शिरत नाही. क्रेनचे पैसे अंदाजपत्रकात होते, रस्ता नव्हता.

तर मधे खांब आला. पुस्तकातलं साधं सूत्र आहे: दर फुटाचा भार तोच ठेवून गाळा निम्मा केला की वाकवणारा जोर चौथाईवर येतो. प्रत्येक चौकटीत बारा-बारा फुटांचे दोन तुकडे, दोन्हींची टोकं मधल्या खांबावर टेकलेली. आता ६ × १० पुरते. चार चौकटींना ४० घनफूट, अधिक चार मधले खांब ६ × ६ चे, ९ घनफूट. एकूण ४९ घनफूट गुणिले ४,६०० म्हणजे सव्वादोन लाख. एका खांबाने साडेतीन लाख वाचवले. त्या रात्री मी अगदी राजासारखा झोपलो.

सकाळी वखारीतून फोन. ६ × १० मधे शुद्ध गाभ्याचा तयार माल नाही. ओंडके आहेत, चिरून देऊ, पण पैसे ओंडक्याच्या मापाने, दर २,४००. ऐकताना स्वस्त वाटलं. मग वही काढली, आणि इथून पुढे हे सगळं पोस्ट व्यापणारा प्रश्न सुरू झाला.

ओंडक्याचं माप कसं घेतात ते नव्या लोकांनी नीट समजून घ्या. मध्यावर टेप गुंडाळून घेर घ्यायचा, त्याची चौथाई काढायची, तिचा वर्ग करून लांबीने गुणायचं. ५४ इंच घेराचा १२ फुटी ओंडका म्हणजे साडेतेरा इंचाचा वर्ग गुणिले बारा फूट, १५.१९ घनफूट. भूमितीने पाहिलं तर त्याच ओंडक्यात १९.३ घनफूट लाकूड आहे. म्हणजे ही पद्धत जवळजवळ २१ टक्के कमी दाखवते. कडेच्या काठातलं लाकूड वाया जाणारच, म्हणून ती सूट धरलेली. खरेदीदाराला हे चांगलंच, पण एक वखार चौथाईच्या घनफुटात भाव सांगते आणि दुसरी प्रत्यक्ष घनमीटरमध्ये, तेव्हा नुसता ३५.३१ ने भागून तुलना केली तर दुसरीचा माल उगाच स्वस्त वाटतो. माप कुठल्या पद्धतीचं हे विचारल्याशिवाय दर ऐकूच नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

आता ५४ इंची ओंडक्यातून काय निघतं? व्यास १७.२ इंच. सागवानाच्या कडेचं पांढरं लाकूड वाळवीला पहिलं आमंत्रण, ते सगळीकडून एकेक इंच सोडलं. उरला १५.२ इंच व्यासाचा गाभा. ६ × १० च्या दोन तुळया शेजारी-शेजारी ठेवल्या तर १२ × १० चा ठोकळा, आणि त्याचा कर्ण १५.६ इंच. करवतीचा घास (पातं खातं ती जाडी) धरला तर आणखी जास्त. अर्ध्या इंचासाठी दुसरी तुळई बसत नाही! म्हणजे एका ओंडक्यातून एकच तुळई. आठ तुळयांना आठ ओंडके, १२१.५ घनफूट, २ लाख ९२ हजार. त्यातून ४० घनफुटांच्या तुळया आणि बाकी फळ्यांचा ढीग. फळ्या मला लागतात, पण इतक्या नाही.

जाडजूड ओंडके घेऊन पाहिले. घेर ५८-६०च्या पुढे गेला की दरही पुढच्या पायरीवर जातो. बारीक ओंडके म्हणजे आपल्याकडच्या खाजगी लागवडीचं सागवान. घेर छोटा, पांढरं लाकूड जास्त, एक ६ × १० सुद्धा नीट निघेना. ऐन आणि किंजळ डोक्यात होते. जुनी कोकणी घरं त्यांच्यावरच उभी आहेत आणि ऐन ताकदीला कमी नाही. पण वाळताना तो फाटतो, आणि मला कुसू (सांध्यात भोकात बसणारी टोकं) ओल्या लाकडातच कापायची आहेत. शिवाय सागवान, ऐन, किंजळ, फणस ही सगळी १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. "आमच्या बागेतला ऐन घे की" म्हणणाऱ्या मामांना परवानगी आणि वाहतूक पास समजावण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. चंद्रपूरकडे डेपोच्या लिलावात जावं का? अयोध्येच्या मंदिराच्या दारांना २०२३ मध्ये त्याच पट्ट्यातलं सागवान गेलं, माल नाव घेण्यासारखा आहे. पण लिलावात लॉट घ्यावा लागतो. मला हवे तेवढेच ओंडके कोण वेगळे काढून देणार?

मग लाकूड बदलायचं सोडून आकार बदलून पाहिला. ६ × १० ऐवजी ६ × ९. दोन शेजारी, मधे पट्टा करवतीचा एक अष्टमांश इंचाचा घास: १२.१२५ × ९, कर्ण १५.१ इंच. बसलं! केसभर का होईना, पण बसलं. तुळईची खोली एक इंच कमी केली आणि ओंडक्यातून एकाच्या जागी दोन तुळया. चार ओंडके, ६०.७५ घनफूट, १ लाख ४६ हजार. त्यातून ३६ घनफुटांच्या तुळया मिळतात आणि कडेच्या फळ्या माळ्याच्या तक्तपोशीला.

आनंद करण्याआधी भार तपासला. आयएस ८८३ या लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे अशा तुळईला गाळ्याच्या २४०व्या भागापर्यंत वाकायची मुभा आहे, म्हणजे बारा फुटांना सव्वापंधरा मिलिमीटर. ६ × ९ साडेबाराच्या आसपास वाकते. ओलं कापल्यावर नऊ इंचाचं पावणेनऊ होईल असं धरलं तर पावणेचौदा. चालतं, पण ऐसपैस नाही. म्हणून कड्यांसाठी तुळईत खाचा मारायचा बेत सोडला. कड्या आता तुळईवरून जातील, लाकूड अख्खं राहील. खांब तेवढे कड्यांच्या खोलीइतके उंच झाले. ते सहा इंची मालात सहज निघतात.

दोन सूचना, ज्यांना हे करायचं असेल त्यांच्यासाठी. पहिली: गोल पात्याच्या जुन्या सॉ मिलवर हे करू नका. तिचा घास पाव इंच, आणि आपली सगळी गंमत त्या अष्टमांशावर आहे. पट्टा करवतच हवी, आणि ओंडका गाडीवर आधी नीट मध्यावर लावणारा माणूस हवा. दुसरी: घेर मध्यावरचा विकला जातो, तुळई निघते बारक्या टोकातून. बारक्या टोकाला गाभ्याचा व्यास स्वतः मोजा. आकडा १५.२ पेक्षा कमी असेल तर वखारवाल्याने कितीही गोड बोललं तरी तो ओंडका आपला नाही. एका कोपऱ्यावर थोडी सफेदी राहिली तर ती बाजू वर, माळ्याकडे ठेवता येते, इतकी सूट मी दिली आहे.

एक फायदा नंतर लक्षात आला. मधून चिरल्यावर ओंडक्याचं केंद्र दोन्ही तुळयांच्या कडेला जातं, त्यामुळे अख्खं केंद्र पोटात ठेवलेल्या तुळईला पडते तशी मोठी चीर पडण्याचा धोका कमी होतो. बदल्यात ती वाळताना कमानीसारखी वाकू शकते. थप्पी लावताना मधे पट्ट्या आणि वर चिऱ्यांचं वजन.

हत्यारांबद्दल थोडंसं. २३५ मिलिमीटर पात्याची सर्क्युलर सॉ साधारण ८५ मिलिमीटर खोल जाते, सहा इंची माल दोन्ही बाजूंनी घेतला की कटतो, हाताच्या करवतीने फक्त मधली रेघ साफ करायची. चेन मॉर्टायझरचा (सांध्याची भोकं पाडणाऱ्या यंत्राचा) मोह अजून आवरलाय. भोकांना गिरमिट आणि पटाशी. बाजारातली चकचकीत पटाशी सागवानावर दोन तासांत बोथट झाली; गावच्या लोहाराने जुन्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेली धार धरून आहे. खतावणी (लाकडावर रेघ आखायचं हत्यार) मात्र विकतची उत्तम. ड्रॉ-बोअरच्या (भोकं किंचित सरकवून सांधा आवळायच्या) खुंट्या बाभळीच्या, एक इंची, भोकाला एक अष्टमांश इंच सरक. नमुन्याचा सांधा पाचर न मारता इतका घट्ट आला की मेस्त्रींनी हातोडा घालून पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्या हिशेबात ही शाबासकी.

आता मधल्या खांबाची बातमी घरी फुटल्यावर काय झालं ते. मला वाटलं होतं तक्रार येईल. उलट बायको म्हणाली, "खांब आला तर माजघरात झोपाळा येऊ दे." झोपाळ्यावर चार माणसं बसली आणि हेलकावा धरला तर सहाशे किलोचा भार गाळ्याच्या मध्यावर धरायला हवा. पूर्ण भरलेल्या माळ्याच्या तुळईवर तो टाकायला माझं मन होत नाही, तिथे आधीच हिशेब काटोकाट आहे. पण शेवटच्या चौकटीवर एकाच बाजूचा खण येतो, म्हणजे माळ्याचा भार निम्मा. तिथे झोपाळा धरूनही ताण आतल्या तुळयांपेक्षा कमी भरतो. सो झोपाळा पडवीच्या बाजूच्या चौकटीला. दुसऱ्या दिवशी तेही मान्य झालं, कारण तिथून आंबा दिसतो.

वाचलेले पैसे कुठे जाणार तेही ठरलं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडच्या छपरांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. कौलं जड असतात म्हणून उडत नाहीत हा समज त्या दिवशी गेला. वासा ते भिंतपट्टी, भिंतपट्टी ते खांब आणि खांब ते तळखडा अशा प्रत्येक सांध्यावर गॅल्वनाइज्ड पट्टी आणि बोल्ट, यासाठी चाळीस हजार वेगळे काढले. पूर्वी ही ओळ "किरकोळ" मध्ये होती.

हे लिहिता लिहिताच एक कल्पना सुचली. मधल्या चार खांबांना नवीन सागवान कशाला? पुण्यात पाडलेल्या वाड्यांचे जुने खांब विकायला येतात, पूर्ण वाळलेले, सहा-सात इंची. आखडण्याचा प्रश्नच नाही, आणि माजघराच्या मध्यावर कोरीव खांब उभा राहिला तर खांब नको म्हणणारा मी होतो हे कुणाला आठवणारही नाही. धोका खिळ्यांचा. एका ठिकाणी पाहिलेल्या खांबात चुंबक फिरवल्यावर नको तिथे टकटक झाली, आणि विक्रेता "ते काढून देतो" याच्या पलीकडे जाईना. नऊ फूट सलग सरळ हवेत, तळाची कूज कापून. तळखड्यावर बसवायचे असल्याने खाली एक-दोन इंच गेले तरी भागतं, पण चारही एका उंचीचे मिळणं कठीण. दोन मिळाले तरी घेईन आणि ते आतल्या चौकटींना लावीन.

ओंडके अजून घेतलेले नाहीत. पुढच्या आठवड्यात बारकं टोक मोजायला टेप आणि खडू घेऊन वखारीत. ज्यांच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात पट्टा करवत असलेली, बाहेरचा माल चिरून देणारी गिरणी आहे त्यांनी दर घनफुटाला सांगतात की पात्याच्या फुटाला, एवढं कळवा. माझ्या हिशेबात ती एकच ओळ अजून रिकामी आहे.