मग सोडलं कशाला?

"एवढी जिंकत होती, मग सोडलं कशाला?"

अमेरिकेची फिगर स्केटर (बर्फावर स्केट घालून नाचणारी खेळाडू) टेनली ऑलब्राइट, तिचा जुना फोटो बघून भाचीने आज विचारलं.

मी रंगात येऊन सांगत होते. अकराव्या वर्षी पोलिओ. १९५३ मध्ये फिगर स्केटिंगची जगज्जेती. १९५६ च्या इटलीतल्या कोर्टिना हिवाळी ऑलिंपिकच्या जेमतेम दोन आठवडे आधी सरावात पडली आणि तिच्याच स्केटचं पातं घोट्यात पार हाडापर्यंत गेलं. वडील सर्जन, त्यांनी येऊन पाय शिवला. त्याच पायाने सुवर्ण! महिला एकेरीत अमेरिकेचं पहिलं.

आणि त्यानंतर स्पर्धा सोडल्या. पोरगी मात्र या 'सोडलं' वरच अडलेली.

तेव्हा शोचे पैसे घेतले की हौशी खेळाडूला ऑलिंपिकचं दार बंद. बरेच विजेते तरीही आइस शोकडे, म्हणजे बर्फावरच्या पैसे मिळणाऱ्या खेळांकडे, वळायचे. ही हार्वर्डला डॉक्टरकी शिकायला गेली, १९६१ मध्ये डॉक्टर झाली आणि पुढे वडिलांसारखीच सर्जन.

"म्हणजे तिला टाके जास्त आवडले?"

हसले खरी, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मीही गोष्ट नेहमी पदकापाशीच संपवते. पुढची कित्येक वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिलेली ती, तिला 'सोडलं' म्हणायचं?