एजंट दिल्लीचा की लंडनचा?

दुबई, सिंगापूर किंवा लेस्टरमध्ये राहून इंग्रजीत कादंबरी लिहिणारी मराठी माणसं हमखास विचारतात: एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाला पुस्तक विकणारा माणूस, भारतातला गाठायचा की बाहेरचा? मराठीत लेखक हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडे जातो, एजंटशी कधी गाठच पडत नाही. त्यामुळे गोंधळ साहजिक आहे. माझं उत्तर असं. तुम्ही राहता कुठे हे बाजूला ठेवा, पुस्तकाला पहिलं गिऱ्हाईक कुठे मिळेल ते बघा. साताऱ्यातल्या वाड्याची गोष्ट असेल तर दिल्लीचा एजंट, कारण भारतातला कुठला संपादक काय घेतो हे त्याला पाठ असतं. लंडनच्या साउथॉल उपनगराची असेल तर लंडनचा.

राहत्या पत्त्याचा संबंध येतो तो करापुरता. अमेरिकन प्रकाशकाकडून 1,000 डॉलर रॉयल्टी निघाली की दुबईच्या किंवा सिंगापूरच्या रहिवाशाचे 300 डॉलर तिथेच कापले जातात, कारण या दोन्ही देशांचा अमेरिकेशी करविषयक करार नाही. भारतातल्या रहिवाशाचे 150, ब्रिटनमधल्याचे शून्य. पण ही सवलत डब्ल्यू-8बेन (W-8BEN) हा अमेरिकन कराचा फॉर्म वेळेत भरला तरच! अमेरिकन नागरिक सोडले तर हा दर पासपोर्टवरून ठरत नाही, राहत्या देशावरून ठरतो.

खरी गोम आहे ती प्रकाशकाशी होणाऱ्या करारातल्या हक्कांच्या कलमात. ब्रिटिश प्रकाशक 'यूके अँड कॉमनवेल्थ', म्हणजे ब्रिटन आणि राष्ट्रकुल देशांतले हक्क, मागतो आणि त्यात भारत गुपचूप येतो. मग भारतात विकायची प्रत लंडनहून ठरते, किंमतही. म्हणून एजंटला पहिल्याच भेटीत विचारा: भारतीय उपखंडाचे हक्क वेगळे काढून विकणार का, आणि आधी कुणाचे विकलेत? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा बघा. याच्या उलट चूकही नेहमीची. भारतीय प्रकाशकाला घाईघाईने जगभरचे हक्क देऊन टाकायचे आणि मग लंडनमध्ये एजंट शोधायला निघायचं. त्याच्याकडे विकायला उरतं काय?

एजंटचं कमिशन साधारणपणे त्याच्या स्वतःच्या देशातल्या विक्रीवर 15 टक्के. परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर 20, कारण तिथल्या सहएजंटलाही त्यातूनच वाटा जातो. हे पैसे पुस्तक विकल्यावर द्यायचे. हस्तलिखित वाचायचेच पैसे मागणारा, मग तो कुठलाही असो, मी यादीतून खोडायला सांगते.

पाठवायच्या आधी कादंबरी पूर्ण हवी. लंडनला एक पानी पत्र, सारांश आणि पहिली तीन प्रकरणं. न्यूयॉर्कला बऱ्याचदा पत्र आणि पहिली पाच-दहा पानंच. सहा-आठ जणांना पाठवून तीन महिने थांबा. सगळ्यांचा नकार आला तर आधी पत्र आणि पहिली पानं सुधारा, मगच पुढचे सहा. एकदम चाळीस जणांना पाठवलं तर सुधारलेलं वाचायला कोणी शिल्लक राहत नाही.

एजंटशी केलेल्या करारावर सही करताना एक ओळ हमखास नजरेतून सुटते: 'सर्व भाषांतील अनुवाद'. उद्या पुण्यातला तुमच्याच ओळखीचा प्रकाशक मराठी अनुवाद करायला तयार झाला, तरी त्या मानधनातले 20 टक्के एजंटचे. मराठीचे हक्क स्वतःकडे ठेवायचे असतील तर ते सहीच्या आधी मागा. एजंट सोडलात तरी त्याने केलेल्या करारावरचं कमिशन तो करार संपेपर्यंत चालूच राहतं.