दोन वर्षं तुम्ही चित्रंच काढत होतात का?

नवी ओळख झाली, कामाची चौकशी झाली आणि मी ‘आर्ट थेरपी आणि काउन्सेलिंग’ म्हटलं, की हा प्रश्न ठरलेला. कधी सरळ येतो, कधी आडून. ‘म्हणजे लोकांना रंगवायला बसवायचं ना? त्याला मास्टर्स कशाला?’ विचारणारे खवचटपणेच विचारतात असं नाही. अर्ज भरताना मीही साधारण तेच समजत होते. चित्रकला येत होती, माणसांत रमत होते. दोन्हींची बेरीज केली की झालं, असा माझा हिशेब होता.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चित्रं काढलीच. पण त्या दोन वर्षांतला बराचसा वेळ तोंड मिटून ठेवायला आणि हात मागे घ्यायला शिकण्यात गेला. दोन्ही मला जड गेलं, हात जास्त.

आधी तोंडाचं. ओळखीतलं कुणीतरी मोबाइल पुढे करतं, त्यात मुलाचं चित्र असतं. ‘घराला खिडक्याच नाहीत बघ. काही काळजी करण्यासारखं आहे का?’ माझ्याकडे चिन्हांचा एखादा शब्दकोश असेल, अशी समजूत असते. खिडकी नाही म्हणजे मूल एकलकोंडं, डोळे मोठे म्हणजे संशयी, वगैरे. असे शब्दकोश एकेकाळी खरोखरच होते आणि दवाखान्यांत वापरलेही जात. आमच्या पहिल्याच सत्रात ती खोड मोडली.

मोडली कशी, ते सांगण्यासारखं आहे. लोरेन आणि जीन चॅपमन या संशोधकांनी १९६७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अशा चाचण्यांचा गंधही नसलेल्या कॉलेजच्या मुलांना त्यांनी माणसांची चित्रं दाखवली. प्रत्येक चित्रासोबत ते काढणाऱ्याची लक्षणं लिहिलेली होती. गोम अशी, की लक्षणं चित्रांना वाटेल तशी जोडलेली होती, संबंध काहीच नव्हता. तरी मुलांनी ठामपणे सांगितलं, की संशयी माणसांनी डोळे ठळक काढलेत. आणि मुरलेले तज्ज्ञही आपल्या पेशंटांच्या चित्रांबद्दल नेमकं हेच सांगत आले होते. म्हणजे जे चित्रात नव्हतंच, ते बघणाऱ्याच्या डोक्यातून चित्रात जात होतं. आमच्या सरांनी हा प्रयोग आम्हाला शिकवण्याआधी गुपचूप आमच्यावरच करून पाहिला. मी डोळ्यांवरच बोट ठेवलं. वर्गातल्या बाकीच्यांनीही.

मग चित्राकडे बघायचंच नाही का? बघायचं, पण वेगळ्या अंगाने. लिंडा गँट आणि कार्मेलो टबोन यांनी केलेली एक मोजपट्टी आहे. १२ बाय १८ इंचांचा कागद द्यायचा, १२ रंगांची मार्कर पेनं द्यायची आणि सांगायचं, ‘झाडावरून सफरचंद तोडणारा माणूस काढा.’ मग १४ निकषांवर बघायचं: रंग किती वापरला, जागा किती व्यापली, रेष कशी आहे, चित्रातल्या गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसतो का, त्या माणसाला सफरचंद मिळवायची काही वाट आहे का. सफरचंद कशाचं प्रतीक, हा प्रश्नच नाही. काय काढलं यापेक्षा कसं काढलं, हे महत्त्वाचं. खोल नैराश्यातला माणूस आणि तोच माणूस बरा होत असताना, यांच्या कागदांवर रंगाचा आणि जागेचा फरक दिसू शकतो. तोही निकाल नव्हे. इतर गोष्टींबरोबर ठेवायची एक नोंद.

साहित्याचा एक वेगळाच वर्ग असायचा, आणि मला वाटलं होतं इथे तरी मी पुढे असेन. पहिल्या दिवशी भिजवलेला कागद, जलरंग आणि मोठा ब्रश. ओल्या कागदावर सोडलेला रंग आपलं ऐकत नाही, तो त्याच्या मर्जीने पसरतो. दुसऱ्या दिवशी कडक पेन्सिल आणि पट्टी. मग माती. मग कात्री आणि मासिकांची कात्रणं. आणि हे सगळं डाव्या हाताने, म्हणजे जो हात सवयीचा नाही त्याने. चित्रकलेची पदवी खिशात असलेली मी ओल्या कागदावर इतकी वैतागले की मधेच उठून हात धुऊन आले. बाईंनी नंतर शांतपणे विचारलं, ‘आता हेच एखाद्या आधीच भरून आलेल्या माणसापुढे ठेवलंत तर?’ पाण्यासारखं वाहणारं साहित्य भावना मोकळ्या करतं, पण बांधही फोडू शकतं. पेन्सिल, कात्रणं यांनी माणसाला जरा पकड मिळते. सँड्रा केगिन आणि विजा लुसेब्रिंक यांनी १९७८ मध्ये याची नीट मांडणी केली: हालचाल आणि स्पर्श, मग आकार आणि भावना, मग विचार आणि प्रतीक, अशा पायऱ्यांवर माणूस चित्र करताना वरखाली होत असतो. त्याला आत्ता कुठल्या पायरीवर आधार हवाय, ते ओळखून टेबलावर काय ठेवायचं आणि काय कपाटातच राहू द्यायचं, हे ठरवायचं. आज मी सेशनआधी सगळ्यात जास्त विचार याचाच करते. बाहेरून बघणाऱ्याला तो फक्त रंगांचा डबा दिसतो.

उरलेला अभ्यासक्रम कुठल्याही काउन्सेलरचा असतो तोच: मानसिक आजार, वाढीचे टप्पे, गटासोबतचं काम, कायदा आणि नीती, संशोधनपद्धती. संख्याशास्त्रात मी काठावर सुटले, त्याबद्दल अधिक बोलायला नको. आणि तास भरायचे. अमेरिकेत काउन्सेलिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचे जे निकष वापरतात त्यांत १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सुरुवातीचा सराव, आणि त्यावर ६०० तासांची इंटर्नशिप आहे. त्या ६०० तासांतले २४० थेट क्लायंटसमोर बसून. पदवीनंतरही लगेच सुटका नाही, परवान्यासाठी देखरेखीखाली आणखी काम करावं लागतं. ब्रिटनमध्ये तर नोंदणी नसताना स्वतःला ‘आर्ट थेरपिस्ट’ म्हणवणं कायद्याने गुन्हा आहे. एवढं सगळं कशासाठी, ते मला इंटर्नशिपमध्ये कळलं.

तिथे माझ्याकडे एक मुलगा होता. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बोलायचा फार कमी. पुठ्ठ्याच्या खोक्याचं घर करायचं त्याने स्वतःच ठरवलं आणि तीन सेशन त्यातच गेली. तिसऱ्या वेळी तो दार चिकटवत होता आणि गोंद धरत नव्हता. मी मदतीला हात पुढे केला, दार दाबून धरलं, मिनिटभराने ते चिकटलं. सेशन छान झालं, असं मी नोंदवहीत लिहिलंसुद्धा.

सेशनचं चित्रीकरण व्हायचं, अर्थात परवानगीने. माझ्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या मॅडमनी सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे झालेल्या कामाची त्यांच्यासोबत तपासणी करताना, ते लावलं आणि एका जागी थांबवलं. ‘परत बघा.’ मी बघितलं. काही दिसलं नाही. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. चौथ्यांदा दिसलं. चौकटीत डावीकडून माझा हात येतो, दार धरतो आणि धरता धरता दोन बोटं उजवीकडे सरकवतो. मुलाने दार भिंतीच्या अगदी कोपऱ्यात लावलं होतं. मी ते मधोमध आणलं, जिथे दार ‘असतं’ तिथे. मला कळलंही नव्हतं. मुलगा क्षणभर दाराकडे बघतो, मग माझ्याकडे, मग कात्री खाली ठेवतो. पुढची अकरा मिनिटं तो घराला हात लावत नाही, आणि मी शेजारी बसून आनंदाने गोंदाचं झाकण लावते.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘दार कुणाचं होतं?’ एवढंच विचारलं.

एडिथ क्रेमर हे या क्षेत्रातलं मोठं नाव. व्हिएन्नाच्या चित्रकार, १९३८ साली न्यूयॉर्कला आल्या आणि पुढे मुलांसोबत अनेक वर्षं काम केलं. थेरपिस्टकडे ‘तिसरा हात’ असायला हवा, असं त्यांचं म्हणणं. गोंद धरत नसेल तर धरून द्यावा, माती कोसळत असेल तर आतून टेकू द्यावा. पण त्या हाताची स्वतःची आवडनिवड क्लायंटच्या कामात उतरता कामा नये. परीक्षेत मी यावर पानभर लिहिलं होतं आणि चांगले गुणही मिळाले होते.

पुढच्या आठवड्यात मुलगा आला, खोकं उचललं आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं, माझा हात पोचणार नाही असं. मी म्हटलं, ‘मागच्या वेळी मी दार हलवलं. तुला न विचारता.’ तो काही बोलला नाही. ब्लेड मागितलं. ब्लेड देता येत नाही, मी कात्री दिली. त्याने कोपऱ्यात, आधी होतं तिथेच, एक चौकोन कापला. माझं मधलं दार तसंच राहू दिलं.

सेशननंतर आपल्या मनात काय उरलं, ते आम्ही स्वतः चित्रात उतरवून बघतो. प्रशिक्षणाचा तो भागच असतो. त्या आठवड्याच्या माझ्या पानावर नुसते दोरे आहेत, गुंतलेले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. वर्गातल्या एकीने अर्थ सांगायचा प्रयत्न केला होता. मी तिला चॅपमनची आठवण करून दिली.

अशा लहान गोष्टींची यादी मोठी आहे. मातीचं काम ओल्या फडक्यात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायला विसरलात तर आठवड्याभरात त्याला तडे जातात, आणि समोरच्याला ते तुम्ही विसरलात म्हणून गेलेत एवढंच दिसतं. चित्र भिंतीवर लावायचं नाही, घरच्यांना दाखवायचं नाही, परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही. ते फायलीतल्या कागदांइतकंच गोपनीय. ‘किती सुंदर!’ म्हणायचं नाही. हे शेवटचं लोकांना फार निष्ठुर वाटतं. पण एकदा सुंदर म्हटलं की पुढच्या वेळी माणूस तुमच्यासाठी सुंदर काढायला लागतो.

आणि काम संपतं तेव्हा चित्रांचं काय करायचं, हे क्लायंटसोबत बसून ठरवावं लागतं. न्यायची, इथेच ठेवायची, की फाडून टाकायची. त्या मुलाच्या शेवटच्या सेशनला मी तिन्ही गोष्टी त्याच्यापुढे ठेवल्या. तो बराच वेळ खोक्याकडे बघत राहिला. मग त्याने एकेक कड नखाने सोडवली, घर चपटं केलं, रबरबँड मागितलं. कोपऱ्यातला चौकोन आणि मधलं दार, दोन्ही घडीच्या एकाच बाजूला आले होते. पुठ्ठा काखेत मारून तो निघाला.

त्या दिवशीच्या नोंदीत मी लिहिलं: ‘घर घडी करून सोबत नेलं.’ मॅडमनी वाचलं आणि खाली सही केली.