टपरीवरचं परराष्ट्र धोरण

आज सकाळी नागपूरच्या धरमपेठेत तर्री-पोहे खाताना वाद रंगला. एखादा देश शेजाऱ्याच्या सीमेवर रणगाडे लावून बसला, तर मित्रदेशांनी काय करावं? एक भाऊ म्हणाले, "काही नाही करायचं राजेहो, दुसऱ्याच्या भांडणात कायले पडता?"

मी कुवेत काढला. १९६१ च्या जूनमध्ये तो स्वतंत्र झाला आणि आठवड्याभरातच इराकचा पंतप्रधान कासिमने 'हा आमचाच भाग' म्हणून जाहीर केलं. १ जुलैला ब्रिटनचं सैन्य उतरलं, पुढे त्यांच्या जागी अरब लीगची, म्हणजे अरब देशांच्या संघटनेची फौज आली. हल्ला झाला नाही. (कासिम खरंच चढाई करणार होता का, यावर वाद आहे, मान्य.) १९९० मध्ये मात्र इराकचाच सद्दाम सीमेवर फौज जमवत असताना सगळे 'बघू, बोलू' करत राहिले. २ ऑगस्टला तो घुसला. त्याला हाकलायला तीसहून जास्त देश आणि जवळपास सात महिने लागले.

बाजूच्या बाकावरचे काका तेव्हा कुवेतमध्ये नोकरीला होते. वाळवंटातून बसने जॉर्डनची राजधानी अम्मान, तिथून एअर इंडियाने मुंबई. "खिशात दिनार होते, पण कुत्रं विचारत नव्हतं," म्हणाले आणि वरून आणखी तर्री मागितली.

सैन्य धाडाच, असं माझं म्हणणं नाही. पण युक्रेनच्या वेळी बायडेन यांनी डिसेंबर २०२१ मध्येच 'अमेरिकी सैन्य पाठवायचा विचार नाही' असं सांगून विषय मिटवून टाकला. निर्बंधांच्या धमकीला पुतिन बधले नाहीत, फेब्रुवारी २०२२ मध्ये घुसलेच. नसेल जायचं तर नका जाऊ, पण समोरच्याला ते आधीच कशाला सांगता?

भाऊंना अजून पटलेलं नाही.