दारणेवर ट्राउटची हौस

चिकनच्या दुकानात जाऊन "चिकन नको, नुसती पिसं द्या" म्हणणारा माणूस दुकानदाराच्या डोळ्यांदेखत संशयित होतो. त्यातून ती पिसं कोंबड्याच्या मानेचीच हवीत, लांबट, ताठ, तांबूस, आणि ब्रॉयलरची अजिबात चालणार नाहीत, असं सांगितलं की तो आवाज खाली आणून विचारतो, "अमावास्येसाठी का?" आमच्या चौकडीत ओझरकडचा एक द्राक्षबागायतदार आहे. शेवटी त्यानंच घरच्या खुराड्यातून मूठभर पिसं आणून दिली. तेव्हापासून त्याची आई रोज संध्याकाळी कोंबडे मोजते म्हणे.

पिसं हवीत ती गळाला लावायचा नकली किडा बांधायला. आणि एवढी यातायात ज्या माशापायी, तो ट्राउट नाशिक जिल्ह्याच्या पाण्यात नाहीच, आणि यायचा संभवही नाही. ट्राउटला थंड पाणी लागतं. पाण्याचा पारा २० अंशांच्या वर सरकला की त्याचं काही खरं नसतं, कारण पाणी कोमट झालं की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. निफाडला कडाक्याची थंडी पडून पारा चार-पाच अंशांवर आला, की आमच्यातला एक जण दर हिवाळ्यात हमखास म्हणतो, "आता सोडून बघायला हरकत नाही." पण जानेवारीमागून एप्रिल येतो, त्याला कोण काय करणार?

ही बाधा झाली कुल्लू जिल्ह्यात, तीर्थन खोऱ्यात. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या विणीसाठी गळ टाकायला बंदी असते, म्हणून आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच गेलो होतो. मत्स्य खात्याचा परवाना काढला आणि तिथल्या एका पोरानं दाखवलं तसं गुडघाभर बर्फगार पाण्यात उभे राहिलो. ट्राउट दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी थांबलेला असतो. पळापळ करायची त्याला गरज नाही, जेवण नदीच वाहून आणते. पाण्यातून सुटून वर येणारे किडे, त्यांच्या अळ्या, वाऱ्यानं पडलेली एखादी मुंगी. पण ते वाहत्या पाण्याच्या वेगानंच यायला हवं. तुमच्या दोरीनं नकली किड्याला जरा जरी ओढ दिली, की मासा जवळ येतो, बघतो आणि वळून निघून जातो. आपण कोणाला तरी मनापासून आवडलेलो नाही, हे इतक्या स्पष्टपणे लग्न ठरवतानाही कळत नाही.

फ्लाय म्हणजे हा नकली किडा. आकड्यावर दोरा, पिसं, केस गुंडाळून बनवलेला. साध्या गळात वजन शिशाचं आणि आमिषाचं असतं. ते फेकलं की दोरी मागोमाग जाते. फ्लायला वजनच नसतं, म्हणून इथं जाडसर दोरी हेच वजन. नऊ फुटी काठीनं दोरी आधी मागे उडवायची, ती मागे पूर्ण सरळ होईतो दम धरायचा आणि मगच पुढे टाकायची. या दम धरण्यातच सगळं आहे. घाई केली तर दोरी पायाशी ढीग होऊन पडते. दम धरला तर मागची बाभूळ फ्लाय ठेवून घेते. तीर्थनच्या काठी निदान देवदार तरी जरा लांब उभे असतात.

फ्लाय बांधण्याचा उद्योग मात्र घरबसल्या होतो, आणि खरं सांगायचं तर नदीपेक्षा मला तोच जास्त आवडतो. रात्री जेवणं उरकली की टेबलाच्या कडेला छोटा शिकंजा बसवायचा, त्यात आकडा धरायचा, वर दिवा ओढून घ्यायचा. आधी आकड्याच्या दांडीवर काळ्या दोऱ्याचे चिकटून-चिकटून वेढे. मग शेपटीला पिसाचे चार तंतू. मग चमक, आणि इथं नाशिकचं नशीब उघडतं. चौघांपैकी एकाची सासुरवाडी येवल्याची. तिथल्या मागावरून उरलेली पैठणीच्या जरीची बारीकशी गुंडी त्याला मिळाली. परदेशी दुकानात याच कामासाठी चकचकीत तार मिळते, पण आमच्या किड्याच्या पोटावर पैठणीच्या काठातला सोनेरी धागा आहे. जरीचा धागा फिरवून झाला की मानेचं पीस दांडीशी उभं धरून दोन-तीन वेढे द्यायचे. तसे ते दिले की पिसाचे ताठ तंतू चहूबाजूंनी फाकतात, आणि पाण्यावर पडल्यावर याच तंतूंच्या टोकांवर फ्लाय तरंगतो. ब्रॉयलरचं पीस का चालत नाही, ते इथं कळतं. ते मऊ, पाणी पितं आणि बुडतं. शेवटी गाठ, आणि गाठीवर हिच्या नेलपॉलिशचा एक थेंब. रंगाला आक्षेप आहे, पण तो घरचा प्रश्न.

तर अशा डबीभर फ्लाय घेऊन डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही दारणेवर गेलो. बागायतदार मित्र बागेतलं जीएचं डिपिंग, म्हणजे द्राक्षाचे घड संजीवकात बुडवायचं काम, उरकून आला होता, म्हणजे देहानं आला होता. फोन मात्र दर पंधरा मिनिटांनी बागेतून येत होता. वाटेत मिसळ झाली. ती कुठे खाल्ली हे सांगत नाही, नाशिकात त्यावरून मैत्र्या तुटतात. आम्ही नेहमी दारणा धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपात्रात उतरतो, आणि तेही ज्यांच्याकडे मासेमारीचा ठेका आहे त्यांना विचारूनच. धरण इंग्रजांच्या काळातलं, १९१६ साली पुरं झालेलं. त्याचं पाणी नदीनं गोदावरीत आणि पुढे नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी कोपरगाव, राहात्याकडे जातं. त्यामुळे खालच्या पात्रात किती पाणी असेल हे पावसावर नाही, आवर्तनावर, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या पाळीवर ठरतं. आवर्तन सुटलं की दारणा दगडांवरून फेसाळत, गार होऊन, काही दिवस तीर्थनची बऱ्यापैकी नक्कल करते. मात्र तेव्हा पात्रात उतरायचं नाही, पाणी वाढताना कळत नाही. आम्ही गेलो तेव्हा आवर्तन संपून पाणी निवळलं होतं आणि डोहांतला तळ दिसत होता.

काठावर एक मामा आधीच बसलेले. बांबूची काठी, गळ आणि डालडाच्या जुन्या डब्यात ओल्या मातीतली गांडुळं. त्यांनी आमच्या काठ्या, रीळ, खिशांचं जाकीट सगळं नीट पाहून घेतलं.

"गळाला काय लावलंय, दादा?"

"पिसं."

"आन् मासा पिसं खातो?"

"खात नाही मामा, किडा समजून तोंडात घेतो."

मामा जरा थांबले. "म्हंजी बिचाऱ्याला शेवटचा घासबी न्हाई."

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. गांडूळ लावणाऱ्याचा व्यवहार त्या मानानं चोख आहे. मासा सुटला तर गांडूळ घेऊन सुटतो, अडकला तर भरल्या तोंडानं अडकतो. आम्ही मात्र हजारोंची काठी घेऊन येतो आणि समोरच्याला दमडीचंही काही न देता फसवतो, वर त्याला कला म्हणतो. "आम्ही मारत नाही, परत सोडतो," असं आमच्यातला एक जण म्हणाला. त्यावर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही असं ठरवून मामांनी तंबाखू मळायला घेतली.

उन्हं तापेपर्यंत कोणालाच काही लागलं नाही. गार पाण्यात इथले मासे सुस्तावतात, ट्राउटच्या अगदी उलट. अकराच्या सुमाराला उथळ पाण्यात करड्या पाठी दिसायला लागल्या. तळाच्या वाळूत परातीएवढे गोल खड्डे होते. चिलापीचे, म्हणजे तिलापिया माशाचे, नर उन्हाळी दिवसांत ते तोंडानं उकरतात. मादी त्यात अंडी घालते, लगेच तोंडात उचलून घेते आणि पिलं बाहेर पडेपर्यंत तोंडातच सांभाळते. तेवढे दिवस ती जवळजवळ काही खात नाही.

जरीच्या पोटाचा फ्लाय एका खड्ड्याच्या पलीकडे पडला. एक पाठ वळली, खाली येऊन थांबली. पाण्याला किंचित फुगवटा आला, पच्च असा आवाज झाला आणि फ्लाय नाहीसा. काठी उचलली तर दोरी ताठ. चिलापी उड्या मारत नाही. आपलं रुंद अंग प्रवाहाला आडवं करते आणि आडमुठेपणानं डोहात खाली जाते. बारीक काठी मुठीपर्यंत वाकली. हातात आली तेव्हा वितीपेक्षा थोडी मोठी, शेपटीची कड लालसर. पाठीवरचे काटे डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून बसवायला लागतात, नाहीतर तळहात भोकं पाडून घेतो. वरच्या जाड ओठात फ्लाय, आणि त्यावर उन्हात चमकणारी येवल्याची जर.

"हात् तिच्या, चिलापी," मागून मित्र म्हणाला, आणि मला त्याचा रागच आला. ट्राउट तरी कुठला इथला? १९०० साली स्कॉटलंडहून त्याची अंडी बर्फात जपून काश्मिरात आणली, कारण साहेबांना सुट्टीत गळ टाकायला घरचा मासा हवा होता. आदल्या खेपेची अंडी वाटेतच मेली होती, तरी हौस फिटली नाही. तिथून तो १९०९ मध्ये कुल्लूकडे गेला. आफ्रिकेतली चिलापी भारतात १९५२ मध्ये आली, ती लोकांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. दोघंही इथल्या मूळच्या माशांना जड गेलेत. पण एकाला परवाना, उबवणी केंद्र आणि पर्यटन, आणि दुसरीला "हात् तिच्या". ज्याला खरंच मान द्यायचा तो महाशीर आपल्याच नद्यांतला. दख्खनच्या महाशीराची शास्त्रीय नोंद सायक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये केली, ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आता त्याची पिलं लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या उबवणी केंद्रात वाढवून पाण्यात सोडावी लागतात. मामा म्हणाले, त्यांनी लहानपणी इथं हाताएवढे पाहिलेत. त्यांनी कोपरापासून हात दाखवला, मग जरा विचार करून खांद्यापासून.

चिलापी आम्ही सोडली नाही. तीर्थनला हात ओले करून ट्राउट पाण्यात परत ठेवले होते, पण इथल्या डोहात चिलापी परत सोडण्यात कसलं पुण्य? दुपारपर्यंत चार-पाच लागल्या, त्या मामांच्या पिशवीत गेल्या. काळ्या मसाल्यातला रस्सा आणि बाजरीची भाकरी, असा बेत त्यांनी तिथंच जाहीर केला आणि आम्हाला बोलावलंही. बागायतदार मित्राला त्याच वेळी बागेतून फोन आला, म्हणून ते राहिलं.

निघताना मामांनी नातवाला दाखवायला दोन फ्लाय मागून घेतले. एक टोपीला खोचला. दुसऱ्यावर डब्यातलं एक गांडूळ चढवलं, तिथल्या तिथं पाण्यात टाकला, आणि आम्ही काठ्या बांधत होतो तेवढ्यात त्यांच्या गळाला आमच्या सगळ्यांपेक्षा मोठी लागली. ती फ्लायवर लागली की गांडुळावर, यावर गाडीत पाथर्डी फाटा येईपर्यंत वाद चालू होता.