मेंढ्यांच्या टेकडीचे दोन खासदार

इंग्लंडमधल्या सॉल्झबरीचं कॅथीड्रल बघून झालं तेव्हा जेमतेम दोन वाजले होते. "आणखी काय आहे इथे?" बाबांनी विचारलं. बसने थोडं पुढे गेलं की ओल्ड सॅरम, म्हटलं, एक टेकडी. टेकडी म्हटल्यावर सातारकर माणूस नाही म्हणतोय होय!

वर भन्नाट वारा. बाबांनी माकडटोपी कानांखाली ओढली. खंदक, मातीचे तट, किल्ल्याच्या पडक्या भिंती आणि खाली गवतात जुन्या कॅथीड्रलचा नुसता पाया. १२२० मध्ये नवं कॅथीड्रल खाली नदीकाठी बांधायला घेतलं, मागोमाग वस्तीही उतरली. खासदारकी मात्र टेकडीवरच राहिली. १८३२ पर्यंत इथून दोन खासदार जात, आणि गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरचा एकही नाही!

इथे मत माणसाला नव्हतं, जमिनीच्या ठरावीक तुकड्यांना होतं. तुकडे ज्याचे, खासदार त्याचे. खालच्या शेतात एका एल्मच्या झाडाखाली निवडणूक उरकायची. १८३१ च्या शेवटच्या निवडणुकीत मतदार ११, आणि त्यातला एकही इथे राहणारा नाही. १८०२ मध्ये हे मेंढ्यांचं रान ६०,००० पौंडांना विकलं गेलं. गवताला एवढे पैसे कोण देतं?

त्याआधी ते पिट घराण्याकडे होतं. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला थोरला विल्यम पिट १७३५ मध्ये इथूनच पहिल्यांदा पार्लमेंटात गेला. त्याचे आजोबा थॉमस पिट मद्रासचे गव्हर्नर. तिथे त्यांनी कोल्लूरच्या खाणीतला मोठा हिरा घेतला, तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

"कोल्लूर म्हणजे कृष्णाकाठचं?" बाबा थबकले. "आपल्या कृष्णामाईचा की हिरा!"

१८३२ च्या कायद्याने अशा ५६ गावांची खासदारकी गेली. मतदार थोडे वाढले, पण बहुतेक कामकरी पुरुष बाहेरच राहिले, आणि बायकांना तर कायद्यात 'पुरुष' असा शब्द घालूनच वगळलं. हे सांगेपर्यंत बाबा तटावर बसून मेंढ्या मोजत होते. प्राथमिक शाळेतली सगळी नोकरी इलेक्शन ड्यूट्या करण्यात गेली त्यांची. पेट्या डोक्यावर घेऊन ओढे ओलांडलेत.

"चौदा मेंढ्या," ते म्हणाले. "मतदारांपेक्षा तीन जास्त." मग जरा वेळाने, "अकराच मतं? साडेनऊला पेटी सील करून मोकळा झालो असतो मी."